पाच बावन्न

सोहारच्या कामगार खात्यासमोर,
औषधांच्या आणि मोबाइल रिचार्जच्या दुकानांमध्ये चेपलेलं
आमचं टायपिंग सेंटर.
मी रुकय्या परकार, माहेरची दाभोळची.
दुसऱ्यांच्या तक्रारी अरबीत टंकते.
पानामागे दीड रियाल. रडणं फुकट.

सुरेंद्र गोताड आला तेव्हा उजवा हात खिशात.
बसा म्हटलं तरी उभाच.
मग हात काढून टेबलावर ठेवला,
वजनाला मासा ठेवावा तसा.
तर्जनी नव्हती. मधलं नव्हतं.
पत्रा कापायचं मशीन, गार्ड काढून ठेवलेलं,
गार्ड लावलं की माल कमी निघतो म्हणून.

"हे नाही, हे बघा," म्हणाला,
आणि डाव्या हातानं पगाराची स्लिप उलगडली.
एकेचाळीस दिवस गैरहजर.

तो तर बाराव्या दिवशीच फाटकावर उभा होता.
पण हजेरीचं यंत्र ओळखायचं तर्जनीला.
लाल होऊन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
तो करायचा. अंगठा लावला, करंगळी लावली,
एकदा तर नाक लावलं, हे सांगताना हसला.
मुकादम म्हणाला, तू सिस्टीममध्ये नाहीस.

कंपनीचं उत्तर चार ओळींचं:
त्या दिवशी कामगार रजेवर होता,
इजा खोलीवर झाली, कांदा कापताना.

दोन बोटं.
कांदा.

चहावर साय धरली.
मग विचारलं, त्या सकाळी पंच केलंत?
केलं की. पाच बावन्नला.
बस लवकर पोचली होती, आठ मिनिटं आधी,
म्हणून तर लक्षात आहे.

म्हणजे यंत्राच्या पोटात कुठेतरी
ते बोट आहे अजून, रेषा-रेषांसकट,
पाच बावन्नला धडधाकट.
कापलं जाण्याआधीच साक्ष देऊन गेलेलं.

मी टंकलं: हजेरीची मूळ नोंद कंपनीने सादर करावी.
असं मागता येतं?
येतं.
तो त्या ओळीकडे बघत राहिला,
वाचता येत नसूनही, उजवीकडून डावीकडे.

बैठकीला दुभाषा आलाच नाही.
नाव पुकारलं तर हा उठेना.
अरबी लिपीत आपला ग नाही, ड नाही,
'जुताद' म्हणजे आपणच, हे कसं कळावं?
मी कोपरानं ढोसलं.
कंपनीचा माणूस भराभर बोलत होता,
हा मान खाली घालून फरशी बघत होता.
वाटलं, याच्या कानावरून सगळं वाहून जातंय.

बाहेर आल्यावर उरलेल्या बोटांवर मोजत म्हणाला,
"ताई, तो इन्कार म्हणाला ना? हिसाब म्हणाला.
वकील म्हणाला.
आणि टेबलामागचा तो म्हातारा दोनदा म्हणाला, हक्क.
हे तर आपलेच शब्द.
तलाठ्याच्या कचेरीत बापाबरोबर बसून ऐकलेत मी."

मी सांगितलं नाही की यांच्याकडे
सत्यालाही हक्कच म्हणतात,
आणि म्हातारा दोनदा म्हणाला
त्यातलं पहिलं कुठलं, दुसरं कुठलं,
हे माझ्याही नीट ध्यानात आलं नाही.

निकाल नाही. तारीख.
तो शब्दही त्याला समजवावा लागला नाही.

तीन पानांचे साडेचार रियाल झाले. मी चार घेतले.
भाडं आहे, शाई आहे, मालक आहे.
सुटे मोजून देताना एक नाणं घरंगळलं,
ते त्यानं मला उचलू दिलं नाही.
दारातून परत फिरला.
"पावतीवर नाव मराठीत लिहा," म्हणाला,
"तुमच्या कागदावर तरी ग राहू दे."

लिहिलं. जरा दाबूनच लिहिलं,
कार्बन जुना झालाय,
खालच्या पानावर उमटायला हवं होतं.